पुराचे फूट आणि अंधाराचे दिवस

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा पूल, आणि उत्तर असतं तिथल्या पाण्याच्या पातळीचं, फुटांत. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2005 साली सुमारे 54 फूट, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 55 च्या जवळ. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर लोकांनी आपापल्या हातांनी पाण्याच्या खुणा करून ठेवल्या आहेत. कोयनेचा साठा किती भरला, पायथ्याच्या वीजगृहातून किती क्युसेक सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे कधी उघडले, यावर इथल्या चहाच्या गाड्यावरही तपशिलात बोललं जातं.

आता त्याच माणसाला विचारा, 2019 ला तुमच्या गल्लीत लाईट कितव्या दिवशी आली? नळाला पाणी कधी आलं? मोबाईलला रेंज कधी आली? तो थांबतो, आठवू लागतो. "गणपतीच्या आधी आलं होतं बहुतेक," म्हणतो. त्या वर्षी गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती आणि पाणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात चढून उतरलं होतं. म्हणजे 'गणपतीच्या आधी' या उत्तरात पाच दिवसही बसतात आणि वीसही.

पूर किती चढला हे आपण इंचापर्यंत सांगतो आणि शहर किती दिवस बंद होतं हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. नदी किती चढणार यात पाऊस आहे, धरणं आहेत, शेजारचं राज्य आहे. पाणी उतरल्यावर अंधार किती दिवस राहणार हे मात्र जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात आहे. जे हातात आहे तेच मोजलं जात नाही, म्हणून ते सुधारतही नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, पण ते मला सविस्तर मांडायचं आहे, कारण 2019 चा गाळ मी स्वतःच्या हातांनी काढला आहे.

ज्यांनी पुराचा गाळ काढलेला नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते. गाळ ओला असेपर्यंतच निघतो. पाणी घराबाहेर गेलं की पहिल्या दिवशी तो लोण्यासारखा असतो. खराट्याने ढकलला, वरून पाण्याचा फवारा मारला की मोरीतून वाहून जातो. दोन दिवस ऊन लागलं की तो फरशीला, भिंतीला, कपाटाच्या बिजागऱ्यांना धरून बसतो. मग फावडं लागतं, खोरं लागतं, आठवडा लागतो. आमच्या घरात पाणी उतरलं त्या दिवशी माणसं होती, खराटे होते, मदतीला आलेली कुठल्याशा कॉलेजची मुलं होती. पाणी नव्हतं. नळ कोरडा होता आणि लाईट नसल्यामुळे बोअरही बंद. ज्या नदीने घर बुडवलं तिचं पाणी चारशे पावलांवर वाहत होतं आणि आम्ही बादलीभर पाण्याची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या काकूंचं सागवानी कपाट आणि तीन पिढ्यांची भांडी तिसऱ्या दिवशी धुतली गेली असती तर वाचली असती. ती फेकली गेली सातव्या दिवशी. हे नुकसान पुराच्या खात्यावर लिहिलं जातं. मला ते उशिराच्या खात्यावर लिहावंसं वाटतं.

त्या आठवड्यात मला कळलं की घर धुवायला पिण्याचं पाणी लागत नाही. पूर ओसरल्यावर नळयोजना सुरू व्हायला वेळ लागणं एका मर्यादेपर्यंत योग्यच आहे. रिकाम्या पडलेल्या जलवाहिन्यांमध्ये फटींतून गटाराचं पाणी ओढलं जातं. त्या धुऊन काढाव्या लागतात, क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते, नमुने तपासावे लागतात. यात घाई केली तर कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ येते. पण वापरायचं पाणी वेगळं. त्यासाठी नदीकाठी चार डिझेल पंप, लांब पाईप आणि चौकाचौकात उभे केलेले टँकर पुरतात, आणि ते पहिल्याच दिवशी सुरू होऊ शकतं. टँकरवर ठळक अक्षरांत 'पिण्यासाठी नाही' असं लिहायचं. एवढं केलं असतं तरी निम्म्या शहराचा गाळ ओला असतानाच निघाला असता. कोणी आळशी होतं म्हणून हे झालं नाही असं मी म्हणत नाही. 'पाणीपुरवठा सुरू करणे' हे एकच काम आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात ती दोन कामं आहेत आणि त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत.

मुदतीचा विचार करायचा तर कोणावर कोण अवलंबून आहे हे आधी मांडावं लागतं. नदीतून पाणी उपसणाऱ्या जॅकवेलचे पंप विजेवर चालतात. वीज उपकेंद्रातून येते. उपकेंद्र दुरुस्त करायला माणसं आणि सामान लागतं, ते रस्त्याने येतं. 2019 ला पुणे-बंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर आणि मग डिझेलवर चालतो. डिझेलला पुन्हा रस्ता लागतो. टॉवर बंद म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या पथकांचंही एकमेकांशी बोलणं बंद. आणि आता तर भाजीवालीलाही पैसे फोनवरून द्यायचे असतात. रस्ता, वीज, पाणी, फोन ही चार खाती आपल्याकडे चार वेगळ्या कचेऱ्यांत बसतात. पुरात मात्र ती एकाच दोरीत गुंफलेली असतात, आणि दोरीचं पहिलं टोक कुठलं हे पाऊस पडण्याआधीच ठरलेलं असायला हवं.

विजेचंच घ्या. उपकेंद्रात पाणी शिरू लागलं की ते मुद्दाम बंद करावं लागतं, नाहीतर स्फोट होतो, माणसं मरतात. पाणी उतरल्यावर बटण दाबलं आणि लाईट आली असं होत नाही. आधी गाळ काढायचा. कंट्रोल पॅनेल उघडून सुकवायचे, बिघडलेले रिले आणि बॅटऱ्या बदलायच्या. रोहित्राच्या तेलात पाणी उतरलंय का ते तपासायचं, उतरलं असेल तर तेल गाळून घ्यायचं. मेगर लावून इन्शुलेशन मोजायचं. मग एकेक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य लाईन, घ्यायचा, त्यावरची प्रत्येक डीपी, म्हणजे वस्तीतलं रोहित्र, बघायची, पडलेले खांब आणि तुटलेल्या तारा शोधायच्या. नदीकाठी हे खांब उसाच्या फडात असतात. डोक्याच्या वर गेलेला ऊस, खाली मांडीभर चिखल, आणि पुराने बाहेर काढलेले साप. भिलवडीच्या पट्ट्यात वायरमन कमरेला दोर बांधून उसात शिरताना मी पाहिले आहेत. त्यांच्या जिवावर आपली लाईट येते. त्यात एखाद्या बंगल्यात जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असला तर त्याचा प्रवाह उलटा लाईनवर येतो, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस जातो. म्हणून 'लवकर करा, लवकर करा' असं नुसतं ओरडण्यात अर्थ नाही. घाईने वेळ वाचत नाही. वेळ वाचतो तो सुटं सामान आधीच कोरड्या जागी ठेवलेलं असण्याने आणि कुठली तार कुठे जाते हे कागदावर असण्याने.

हा कागदाचा मुद्दा मला अनुभवाने पटला आहे. 2019 ला राज्यभरातून वीज कर्मचाऱ्यांची पथकं इकडे आली. पुढच्याच वर्षी, जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीचे हजारो खांब आडवे केले, तेव्हाही इतर जिल्ह्यांतली माणसं कोकणात गेली. संकटात आपली माणसं एकमेकांकडे धावतात, ही आपल्या राज्याची फार मोठी जमेची बाजू आहे. पण आमच्या गल्लीत आलेल्या टोळीतल्या पोराने मला विचारलं, "काका, इथली डीपी कुठल्या फीडरवर आहे?" मला काय माहीत! त्याला तरी कुठून माहीत असणार? तो तीनशे किलोमीटरवरून आला होता. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त वायरमनला बोलावून आणलं. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेनाने आमच्या भागाचा नकाशा काढून दिला: अमुक चौकातला स्विच, तमुक शाळेमागची डीपी, इथून केबल जमिनीखालून जाते. त्या पत्रिकेवर त्या पोरांनी दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. असा नकाशा प्रत्येक प्रभागाचा, छापलेला, लॅमिनेट केलेला, बाहेरून येणाऱ्या पथकाच्या हातात गावात शिरतानाच पडला पाहिजे. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

पैशाशिवाय काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मिरजेची आठवण करून देतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पिण्याचं पाणी संपलं होतं. रेल्वेने पाणी पाठवायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टाकी-वॅगन वाफेने धुतल्या गेल्या, मिरजेत आल्या, कृष्णेचं पाणी त्यात भरलं गेलं आणि 12 एप्रिलला 10 वॅगनची पहिली गाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे 50 वॅगनच्या गाड्या जाऊ लागल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. भरायला वेळ लागतो म्हणून मिरजेत नवी जलवाहिनी धडाक्यात टाकली गेली. रेल्वे, जिल्हा प्रशासन, महापालिका, सगळ्यांची माणसं एकाच यार्डात उभी होती. त्या दिवसांत मी मिरज स्टेशनवर मुद्दाम बघायला गेलो होतो. फलाटावर लोक थांबून बघत होते, काहींनी हात जोडले होते. दुसऱ्या जिल्ह्याच्या घशासाठी आपल्या जिल्ह्याने हे केलं. मग आपल्याच गावभागाला आणि सूर्यवंशी प्लॉटला वापरायचं पाणी पहिल्या दिवशी का देता येऊ नये? फरक क्षमतेचा नव्हता. लातूरच्या वेळी कामाला एकच मोजमाप होतं: आज किती लिटर पोहोचलं. ते रोज वर्तमानपत्रात छापून येत होतं आणि सगळं राज्य ते वाचत होतं.

कायदाही आपल्या बाजूने बराचसा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा. त्याच्या कलम 50 नुसार तातडीच्या खरेदीसाठी जिल्हा प्राधिकरण निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवू शकतं. मात्र त्या कलमात शब्द आहेत ते बचाव आणि मदत यांसाठी. सेवा पूर्ववत करणं हा शब्द तिथे नाही. बोट विकत घेताना अधिकाऱ्याचा हात थरथरत नाही. उपकेंद्राचा पॅनेल घेताना थरथरतो, कारण उद्या लेखापरीक्षण त्यालाच विचारणार असतं. पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात वीज, पाणी, रस्ता आणि दूरसंचार पूर्ववत करणं हीसुद्धा मदतच आहे, असं राज्याने स्पष्ट लिहून द्यावं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दर मे महिन्यात दर ठरवून ठेवायचे: पंपाचा, जेसीबीचा, टँकरचा, जनरेटरचा, रोहित्राचा. कंत्राटदार आधी निवडलेला, दर आधी जाहीर, काम मात्र पूर आला तरच. यात भ्रष्टाचाराला जागा कमी उरते. ऐनवेळच्या धावपळीत ठरलेला दर नेहमी जास्तच असतो.

पैशाची वाटणी बघा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे जे भाग पाडून दिले त्यात 40 टक्के प्रतिसाद आणि मदतीसाठी, 30 टक्के पुनर्बांधणीसाठी, 20 टक्के आपत्तीची झळ कमी करण्यासाठी आणि 10 टक्के पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी होते. पूर्वी सगळा भर मदतीवर असायचा, त्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. आता त्या 10 टक्क्यांतून आपल्या जिल्ह्यात काय काय घेतलं, कुठे ठेवलं, ही यादी नागरिकाला बघायला मिळाली पाहिजे. बोटी आणि लाइफ जॅकेट हवीतच. ब्रह्मनाळला 2019 च्या ऑगस्टमध्ये बोट उलटली ते दुःख या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही, आणि जीव वाचवणं पहिलं, यात दुमत नाही. पण सुटका झालेली माणसं आठ दिवसांनी घरी परततात तेव्हा त्यांच्यासाठी यादीत काय आहे?

माझे काही मित्र म्हणतात, हे सगळं दुय्यम. मुळात पूरच येऊ नये यासाठी भांडलं पाहिजे. नदीपात्रातली बांधकामं, अलमट्टीची उंची, धरणांतून पाणी सोडण्याचं वेळापत्रक. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही याच प्रश्नांचा अभ्यास केला. हे भांडण भांडलंच पाहिजे, आणि निळ्या पूररेषेच्या आत बांधणाऱ्यांना अडवलंच पाहिजे. पण ते भांडण दोन राज्यांचं, न्यायालयांचं आणि दशकांचं आहे. 2005 ते 2019 चौदा वर्षं गेली, 2019 ते 2021 दोनच. पुढचा पूर आपल्या निकालाची वाट बघणार नाही. शिवाय ज्यांना पूर रोखण्यासाठी लढायचं आहे त्यांच्याही हाती अंधाराच्या दिवसांची नोंद असली तर दावा भक्कम होईल.

दुसरी शंका अधिक खरी आहे: घाईत केलेलं काम कच्चं राहतं आणि तात्पुरतं तेच कायमचं होऊन बसतं. आपण सगळ्यांनी असे रस्ते पाहिले आहेत. म्हणून दोन मुदती वेगळ्या ठेवायच्या. वायनाडमध्ये जुलै 2024 च्या भूस्खलनानंतर लष्कराने चूरलमलाला 190 फुटांचा बेली पूल दोन दिवसांच्या आत उभा केला. तो कायमचा नाही हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. आपल्या शेजारी महाडला सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसह माणसं गेली. तिथे पक्का पूल 165 दिवसांत झाला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. हा कौतुकाचाच विषय. पण 2 ऑगस्ट ते 5 जून हे दहा महिने होतात. 165 दिवस काम सुरू झाल्यापासूनचे. शेजारी दुसरा पूल होता म्हणून ते मधले महिने लोकांना जाणवले नाहीत. पाटण किंवा जावळीतल्या एखाद्या वाडीचा एकुलता एक साकव वाहून गेला तर तिथे घड्याळ कधी सुरू झालं धरायचं? कार्यादेश निघाला त्या दिवशी की पोरांची शाळा बंद पडली त्या दिवशी? मी म्हणेन, शाळा बंद पडली त्या दिवसापासूनच मोजा.

साताऱ्याच्या डोंगरी भागात तर हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर दरड कोसळली. तिथे पोहोचायचे रस्तेच दरडींनी आणि पुराने तुटलेले होते. सांगलीत आधी सुटका, मग रस्ता असा क्रम लावता येतो. कोयनेच्या खोऱ्यात रस्ता उघडणं हीच सुटका असते. तिथे जेसीबी तालुक्याच्या गावात उभा असून उपयोग नाही. ज्या घाटात दरड येते हे गावकऱ्यांना माहीत आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना तो जूनपासूनच हवा, डिझेलसह, चालकासह. आणि चालक त्याच वाडीतला असला तर उत्तम, कारण रस्ता बंद झाल्यावर बाहेरचा चालक येणार कसा?

आणि एक गोष्ट, जी बैठकीत कोणी बोलत नाही. सर्वांत खोल भागात पाणी आधी शिरतं आणि शेवटी निघतं. तिथेच हातावर पोट असलेली माणसं राहतात. लाईट आधी बाजारपेठेला आली, मग उंचावरच्या वसाहतींना, शेवटी काकानगर, दत्तनगर, इनामदार प्लॉटला. यात तांत्रिक कारण असतं, मी नाकारत नाही. पण 'शहराचा 90 टक्के वीजपुरवठा सुरळीत' असं जाहीर झालं की उरलेल्या 10 टक्क्यांकडचं लक्ष उडतं, आणि ते 10 टक्के दर वेळी तेच असतात. म्हणून शहराची सरासरी नको. प्रत्येक प्रभागाची वेगळी नोंद हवी: पाणी कधी उतरलं, वापरायचं पाणी कधी आलं, लाईट कधी, प्यायचं पाणी कधी, फोन कधी. पाच तारखा. एका फलकावर मावतात. आयर्विनच्या खांबावर जसे फूट रंगवले आहेत तशा त्या प्रभागाच्या चौकात रंगवाव्यात, आणि मेमधल्या मान्सूनपूर्व बैठकीत गेल्या खेपेच्या तारखा आधी वाचून मग नव्या मुदती जाहीर कराव्यात.

सप्टेंबर 2019 मध्ये, आमच्या घरांच्या भिंती अजून ओल्या होत्या तेव्हा, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर आपत्तीत टिकून राहणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी उभी केली. मला त्याचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. जगाला जे सांगायला आपण पुढे झालो ते कृष्णाकाठच्या एका प्रभागात करून दाखवायला परवानगी कोणाची लागते?

2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मी एक वही घेतली आणि आमच्या गल्लीपुरत्या पाच तारखा लिहिल्या. शेजारच्या तीन गल्ल्यांतल्या लोकांनीही आपापल्या लिहून दिल्या. 2019 च्या तारखाही मिळवाव्यात म्हणून मी घरोघर फिरलो. काकूंना कपाट फेकलं तो वार आठवतो, तारीख नाही. वहीतलं ते पान मी कोरं ठेवलं आहे. कोणाकडे जुनं वीजबिल, फोटो, दवाखान्याचा कागद, काहीही सापडलं तर घेऊन यावं, आपण मिळून भरू.